जुनं शिसं द्या, नवीन पेलेट घ्या म्हणणारा सांगलीत फिरतोय, सावध रहा

सांगली, मिरज, इस्लामपूर, कराड भागात ज्यांची दहा मीटर एअर रायफलची छोटी रेंज आहे त्यांनी हे जरा नीट वाचा. २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीत राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ मारलं तेव्हापासून आमच्याकडं पोरांची रांग लागलीय, पोरं वाढली की टार्गेटमागच्या पेटीत चेपलेल्या पेलेटचं, म्हणजे एअर रायफलच्या छोट्या गोळ्यांचं, शिसंही साठतं, आणि या बाबाचा डोळा नेमका त्याच्यावर.

स्कीम अशी. वापरलेलं शिसं द्या, वितळवून नवीन पेलेट पाडून देतो, एका किलोला ५०० पेलेटचे तीन डबे, तुम्ही फक्त मजुरी द्यायची. हिशोब पटतो हो, तीच तर गंमत. मॅचचं पेलेट साधारण अर्ध्या ग्रॅमच्या जरा वर, ०.५३ धरा, म्हणजे किलोत अठराशेच्या वर निघतात, मळी आणि कागदाचा कचरा वजा केला तरी तीन डबे आरामात बसतात. पहिल्यांदा थोडंसं शिसं नेलं आणि खरंच चांगले डबे आणून दिले. झालं, विश्वास बसला, इतर क्लबवाल्यांनी पण पोती बांधली.

मोठ्या लॉटला तो स्वतःचा हँगिंग काटा घेऊन आला. दोन दांडगी पोरं पोतं उचलताना वाकली आणि काटा सांगतोय १८ किलो! मी विचारलं तर म्हणतो सर शिसं असतंच जड, हाताला जास्त वाटतं. अरे किलो म्हणजे किलो, शिशाचा काय वेगळा असतो का. आमचा काटा आणेपर्यंत त्याच्या माणसानं पोतं टेम्पोत टाकलंसुद्धा. मजुरीचा निम्मा ॲडव्हान्स यूपीआयनं घेतला, नाव भलत्याच कुणाचं आलं, म्हणाला मेव्हण्याचं खातं आहे. आणि जाताना रिकामे डबेही मागून नेले, पत्र्याचं पण रिसायकल करतो म्हणे.

त्या डब्यांचं काय केलं ते ऐका. बऱ्याच दिवसांनी थोडे डबे आले, इंपोर्टेड कंपनीचं लेबल, कडेनं नवी कोरी टेप. म्हणलं चला उशिरा का होईना. पण आमची एक मुलगी चांगली नऊ-दहात मारणारी, तिचे शॉट सात-आठवर सांडायला लागले, कोचनं रायफल तपासली, साइट तपासली, काहीच नाही. रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तिथं पेलेट जरा वाकडंतिकडं असलं की संपलं. शेवटी तिनंच डबा उलटा केला तर बुडाला आमच्याच क्लबची मार्करची खूण! आमचेच रिकामे डबे, आत बाजारातले स्वस्त पेलेट, लेबलवर ४.५० मिमी आणि आत सगळ्या मापांची मिसळ. बाकीचे डबे आलेच नाहीत आणि फोन बंद.

आता कामाचं बोलतो. त्यानं दाखवलेला कागद उद्यम नोंदणीचा होता, ते ऑनलाइन फुकटात स्वतःच माहिती भरून कुणालाही मिळतं. शिशाचं भंगार घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत येतं, ते वितळवणाऱ्याकडं प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते, ती मागा. काट्यावर वैधमापनवाल्यांचा चालू वर्षाचा शिक्का बघा, आणि शंका आली तर त्याच काट्याला घरचा सीलबंद गॅस सिलेंडर अडकवा, रिकाम्याचं वजन त्याच्यावर छापलेलं असतं, त्यात १४.२ मिळवा आणि काटा काय म्हणतो बघा. पेलेटचा डबा आला तर पाच-दहा पेलेट सोनाराच्या काट्यावर टाका, चांगल्या मॅच पेलेटमध्ये फरक अगदी किरकोळ असतो, आमच्या त्या डब्यातले डोळ्यांनीच लहानमोठे दिसत होते. रिकामे डबे देणार असाल तर आधी चेपून टाका.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच सायबर हेल्पलाइनच्या १९३० ला फोन लावा, उशीर झाला की खात्यातून पुढं सरकतात. तक्रारीत आता ४२० नाही, भारतीय न्याय संहितेचं ३१८(४). आम्ही तीन क्लबनी मिळून अर्ज दिलाय, डबे आणि पेमेंटचे स्क्रीनशॉट जोडलेत. तुमचं पण पोतं गेलं असेल तर टेप न काढलेला एखादा डबा तसाच ठेवा, फेकू नका, अर्जाला जोडायला लागेल.