साताऱ्याहून पळायला कुठे जावं: कोकणची पुळण की सह्याद्रीचं जंगल?

यवतेश्वरचा घाट पाठ झाला की साताऱ्यातल्या पळणाऱ्यांपुढे पुढचा प्रश्न उभा राहतो. शनिवारी गाडी काढायची ती पाटण-कुंभार्ली उतरून गुहागरच्या समुद्राकडे, की वर कास-महाबळेश्वरच्या जंगलाकडे? दोन्हीकडे डांबर सुटतं आणि दोन्हीकडे हवा दमट असते. पायांवर येणारा ताण मात्र अगदी वेगळा. म्हणून देखाव्याआधी दोन गोष्टी बघाव्यात: महिना कोणता चालू आहे आणि आपला दुखरा अवयव कोणता.

आधी अंतराचं. कास साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटर आणि महाबळेश्वर ५५ च्या आसपास, म्हणजे पहाटे निघून दुपारच्या जेवणाला घरी येता येतं. गुहागर पावणेदोनशेच्या घरात आहे. घाटरस्ता धरून साडेचार ते पाच तास जातात, तेव्हा एक मुक्काम आलाच. सांगलीकरांना आंबा घाटातून रत्नागिरी-गणपतीपुळे सोयीचं पडतं, त्यांचाही हिशोब साधारण असाच. दर आठवड्याला समुद्र परवडणार नाही. वर्षात चार-पाच फेऱ्या होतील, आणि म्हणूनच त्या नीट बेतलेल्या असाव्यात.

समुद्रावर पळायचं तर तिथी बघा

गुहागरची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, सुमारे सहा किलोमीटर लांब आहे, मागे सुरूचं बन आणि नारळी-पोफळीच्या बागा. जाऊन-येऊन बारा किलोमीटर सलग मिळतात. दापोलीकडे मुरूड आणि कर्दे जोडून आहेत. पुढे लाडघरला जायचं तर मधला डोंगर चढून उतरावा लागतो, त्यामुळे थोडा चढही पदरात पडतो.

पुळण पळण्याजोगी असते ती ओहोटीला. भरतीला उरते ती वरची कोरडी, भुसभुशीत वाळू. तिच्यात पळायला कठीण जमिनीच्या सुमारे १.६ पट ऊर्जा लागते, कारण पाय रेटावा तसा खालून वाळू सरकते आणि पिंढरीचा जोर वाया जातो. ओहोटीनंतर उघडी पडलेली ओली वाळू घट्ट असते आणि तिथे नेहमीच्या वेगाच्या जवळपास पळता येतं.

किनाऱ्यावरचा जुना हिशोब इथे उपयोगी पडतो: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. तिथून सव्वासहा तासांनी ओहोटीचा तळ. प्रतिपदेला हा तळ सकाळी सातच्या आसपास येतो, द्वितीयेला पावणेआठला, तृतीयेला साडेआठला. सकाळच्या पळण्याला यापेक्षा चांगले दिवस नाहीत. शिवाय अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असल्यामुळे पाणी लांबवर ओसरतं आणि पुळण रुंद होते. उलट दशमीला सकाळी साडेसातलाच पूर्ण भरती असते. तो रविवार समुद्रासाठी धरू नये. हिशोब ढोबळ आहे, त्यामुळे निघण्याआधी त्या बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक मोबाइलवर ताडून घ्यावं. तळाच्या वेळेआधी तासभर पळायला लागलं की जाणं-येणं दोन्ही घट्ट वाळूवर होतं.

दुसरी अडचण उताराची. पुळण समुद्राकडे कललेली असते. दक्षिणेकडे पळताना समुद्र उजव्या हाताला असतो, म्हणून उजवा पाय सतत खाली पडतो. परतताना डावा. एकाच दिशेने दहा-बारा किलोमीटर पळून गाडीने परत आलात, तर गुडघ्याची बाहेरची बाजू किंवा कंबर दुसऱ्या दिवशी बोलते. म्हणून समुद्रावर जेवढं जाल तेवढंच, त्याच पट्ट्यातून परत या.

अनवाणी पळण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. पहिल्या दिवशी दहा मिनिटं पुरे. बुटाच्या उंच टाचेची सवय झालेल्या पायाची टाच वाळूत खोल जाते आणि टाचेमागची शीर नेहमीपेक्षा जास्त ताणली जाते. ज्यांना टाचदुखी आहे किंवा तीच शीर आधीच दुखावलेली आहे, त्यांनी अनवाणीपणा आणि कोरडी वाळू दोन्ही टाळावीत. खडकाळ भागात बूट हवेतच, तिथे कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. भरती चढत असताना डोंगराचं टोक खडकावरून वळसा घालून पार करू नका, परतीची वाट पाण्याखाली जाते. हेदवीच्या बामणघळीजवळ तर भरतीचं पाणी कपारीतून उंच उसळतं. ती जागा उभं राहून बघायची, पळायची नाही.

पुळणीच्या मागे चढलं की जांभ्याचे सडे (उघडे कातळी माळ) आणि गावातल्या पाखाड्या (दगडी पायऱ्यांच्या वाटा) लागतात. चढ-उताराचा सराव इथे चांगला होतो. मात्र सड्यावर फुरसं हा विषारी साप असतो आणि जांभ्याच्या रंगात तो दिसतच नाही. वाटेवरच्या दगडावर हात टेकू नये, अंधारात सड्यावर जाऊ नये. दंश झालाच तर आवळून बांधणं आणि कापणं टाळा, पाय हलवू न देता सर्पदंशाची लस असलेल्या रुग्णालयात न्या.

नोव्हेंबर ते मार्चच्या सुमारास कोकणच्या बऱ्याच किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. या महिन्यांत झुंजूमुंजू झाल्यावरच पुळणीवर उतरा. बॅटरीच्या उजेडाने मादी माघारी फिरते आणि पिल्लं समुद्राऐवजी उजेडाकडे वळतात.

जंगलात घड्याळ विसरा, चढ मोजा

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्यावर पोसलेलं निमसदाहरित जंगल, जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा. झाडं बुटकी पण छत गच्च, त्यामुळे ऑक्टोबरच्या दुपारीही सावली मिळते. पॉइंटांकडे जाणाऱ्या जुन्या पायवाटा आणि क्षेत्र महाबळेश्वरहून आर्थर सीटकडे जाणारा झाडीतला रस्ता, या दोन्हींवर मिळून दहा ते वीस किलोमीटरचा बेत सहज बसतो. कास-बामणोली रस्ता त्यापेक्षा उघडा, वाऱ्याचा.

रस्त्यावर सहा मिनिटांत किलोमीटर पळणारा इथे आठ-नऊ मिनिटांवर येतो आणि त्यात कमीपणा काही नाही. अंदाज बांधायला सोपी रीत अशी: १०० मीटर चढ म्हणजे सपाटीवरचे जादा ८०० मीटर. सातारा शहरातून कास पठारापर्यंत सुमारे ५०० मीटर चढ आहे, म्हणजे २५ किलोमीटरची ती धाव पायांना २९ ची पडते. साताऱ्याची डोंगरावरची अर्ध मॅरेथॉन २०१२ पासून याच यवतेश्वराच्या अंगाने होते. तिची तयारी करणाऱ्याने समुद्राकडे जाऊच नये असं नाही, पण मुख्य सराव इथलाच हवा.

दुखापत बहुतेकदा उतारावर होते. ओल्या पानांखाली मुळं लपलेली असतात आणि शेवाळलेल्या जांभ्यावर टाच आधी टेकली की घसरगुंडी ठरलेली. पावलं लहान ठेवा, पाय शरीराच्या बरोबर खाली पडू द्या, नजर तीन-चार पावलं पुढे. उतरताना गुडघ्याची वाटी दुखणाऱ्यांनी हा पर्याय सहा आठवडे पुढे ढकलून त्या काळात मांड्यांचा व्यायाम करावा. त्यांना ओहोटीची सपाट पुळणच बरी.

पावसाळ्यात जळवा असतात. लांब मोज्यांना मिठाचं पाणी लावलं की कमी चढतात. चिकटलेली जळू ओढून काढू नये, नखाने तोंडाकडून हलकेच सोडवावी. त्याहून मोठी अडचण धुक्याची. वीस पावलांवरचं दिसेनासं झालं की पायवाट सोडून डांबरी रस्त्यावर या, कड्याचा अंदाज येत नाही. पहाटे आणि तिन्हीसांजेला गवे वाटेवर असतात. गवा दिसला की थांबा, वाट द्या, कानातली गाणी आधीच बंद असू द्या.

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत. तिथे मनाने आत शिरून पळता येत नाही. वासोटा किल्ल्याला वनखात्याची परवानगी आणि बामणोलीकडून बोट लागते, पावसाळ्यात तो बंदच असतो, आणि अस्वलांच्या त्या रानात पळण्यापेक्षा चालणंच शहाणपणाचं. कास पठारावरही फुलांच्या हंगामात रस्ता सोडू नये. कातळावरची माती बोटभर जाडीची असते आणि बुटाच्या एका रांगेने ती उखडते.

बूट, पाणी, मीठ

जंगलाला तळाशी चार-पाच मिलिमीटरचे दाते असलेले ट्रेल शूज घ्या, रबर मऊ असलेले. कडक रबर ओल्या कातळावर घसरतं. पुळणीला रस्त्याचे जुने बूट चालतात. खाऱ्या पाण्याने भिजले की त्याच दिवशी गोड्या पाण्यात धुवून आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवा, उन्हात डिंक सुटतो.

किनाऱ्यावर घाम वाळत नाही, म्हणून अंग निवत नाही. हिवाळ्यातही तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी धरा. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी, त्यामुळे नुसत्या शहाळ्यावर लांब पळू नका. कोकम सरबतात चिमूटभर मीठ किंवा क्षारसंजीवनी (ओआरएस) घ्या. एक लिटरची पुडी अर्ध्या लिटरमध्ये घातली तर मळमळतं, हे प्रमाण बरेच जण चुकवतात. डोंगरावर तहान लागत नाही म्हणून पाणी राहून जातं, आणि फेब्रुवारीनंतर साडेपाच हजार मिलिमीटरच्या त्याच जंगलात वाटेवरचे ओढे कोरडे असतात. पाठीवर दीड लिटर हवंच.

मग कधी कुठे?

जून ते सप्टेंबर समुद्र नको. लाटा वाळू ओढून नेतात, पुळण अरुंद आणि तिरपी होते. या दिवसांत यवतेश्वर-कास रस्ता आणि धुकं नसेल त्या दिवशी महाबळेश्वर. ऑक्टोबर ते फेब्रुवारी दोन्ही चालतात. अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरच्या दोन-तीन दिवसांत रविवार आला की गुहागर, बाकीचे रविवार डोंगर. मार्च-मेमध्ये किनारा सकाळी आठनंतर सोसत नाही, महाबळेश्वरला मात्र पहाट गार असते. पर्यटकांच्या गाड्या साडेसातनंतर वाढतात, त्याआधी आर्थर सीटचा रस्ता उरकावा.

अगदी पहिल्यांदाच डांबर सोडणाऱ्याला आम्ही आधी पुळण सुचवू: वाट चुकत नाही, पडलं तरी लागत नाही. प्रतिपदेच्या सकाळी सव्वासहाला (कासवांच्या महिन्यांत झुंजूमुंजू झाल्यावर) उतरा, तीन किलोमीटर जाऊन परत फिरा, बूट घालून. पुढचे दोन दिवस पिंढरी जड वाटली नाही, तर पुढच्या उधाणाला पाच किलोमीटरपर्यंत जा.