थर्मल कुकर: बरेच महिने जवळजवळ रोज वापरल्यावर काय वाटतं

आधी हे भांडं म्हणजे नक्की काय ते सांगते, कारण नाव ऐकून बऱ्याच जणांना वाटतं की हा इलेक्ट्रिकवर चालणारा प्रकार आहे. तसं नाहीये. वायर नाही, बटण नाही, शिट्टी नाही. बाहेर एक दुहेरी भिंतीचं मोठं स्टीलचं भांडं, दोन भिंतींच्या मधली हवा काढून टाकलेली, म्हणजे थर्मासच, फक्त रुंद तोंडाचा. आत बसेल असं एक साधं स्टीलचं पातेलं. त्यात जे शिजवायचंय ते घालून गॅसवर उकळी आणायची, पदार्थ बघून पाच ते वीस मिनिटं उकळू द्यायचं, मग झाकणासकट उचलून बाहेरच्या भांड्यात ठेवायचं, वरचं झाकण घट्ट लावायचं आणि आपल्या कामाला लागायचं. काही तासांनी उघडलं की शिजलेलं असतं, आणि नुसतं कोमट नाही, जीभ भाजेल इतकं गरम असतं.

मी हे घेतलं ते गॅस वाचेल म्हणून. तेव्हा आधी त्याच हिशोबाबद्दल लिहिते, बाकीचं नंतर.

"खाली आच नाही तर शिजतं कसं" हा प्रश्न मला घरात आणि बाहेर सगळ्यांनी विचारला. तर शिजायला आच लागत नाही, तापमान आणि वेळ लागतो. उघड्या पातेल्यातलं पाणी कितीही जोरात खळखळू दे, ते १०० डिग्रीच्या वर जातच नाही (उंचावरच्या गावात तर अजून कमी, साधारण दर ३०० मीटरला एक डिग्री कमी). मग उकळी आल्यावर आपण जो गॅस चालू ठेवतो तो जातो कुठे, तर बराचसा वाफ करण्यात आणि स्वयंपाकघर तापवण्यात. एक लिटर पाणी अगदी शून्य डिग्रीपासून उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते ना, त्याच्या पाचपटीहून जास्त उष्णता तेच पाणी पूर्ण उडवायला लागते. विजेच्या भाषेत सांगायचं तर तीन लिटर पाणी २५ डिग्रीपासून उकळीला न्यायचं तर साधारण पाव युनिट, आणि नंतर तासभर खळखळत ठेवून त्यातलं अर्धा लिटर उडालं तर त्या वाफेतच पाव युनिटपेक्षा थोडं जास्त गेलं. शेगडीतून बाजूने वाया जातं ते वेगळंच. हे भांडं तो दुसरा पाव वाचवतं, पहिला नाही.

आता खरं सांगायचं तर तुमच्याकडे प्रेशर कुकर असेल आणि तुम्ही तो नीट वापरत असाल तर नुसत्या इंधनासाठी हे घेण्यात फार दम नाही. प्रेशर कुकरमध्ये दाब वाढला की पाणी १२० डिग्रीच्या आसपास उकळतं, त्यामुळे वेळ कितीतरी कमी लागतो, तोही इंधन वाचवतोच. माझं बिल कमी झालं, पण ज्याने आयुष्य बदलावं इतकं नाही, आणि ज्यांना फक्त बिल बघायचंय त्यांनी इथेच वाचणं थांबवलं तरी चालेल.

माझा खर्च खरा कमी झाला तो दुसरीकडे. संध्याकाळी दमून घरी आलं, पोटात कावळे ओरडतायत, शिजलेलं काही नाही, अशा वेळी माणूस काय करतो हे सगळ्यांना माहितीये. फोन उघडतो. काय मागवायचं यावर अर्धा तास घालवतो, मग जे येतं ते खातो, त्यातलं निम्मं उरतं, आणि खाऊनही समाधान नसतं कारण दुसरं काहीतरी मागवलं असतं तर बरं झालं असतं असं वाटत राहतं. मी बजेट करून बघितलं होतं, खर्चाची वही ठेवली होती, ॲप काढून टाकलं होतं. त्यातलं काही टिकलं नाही आणि मला नाही वाटत की तो माझ्या मनाच्या कमकुवतपणाचा प्रश्न होता. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे बरोबर आहे हो, पण भुकेल्या माणसाला अंथरूण दिसतच नाही.

थर्मल कुकरने माझ्या मनाची ताकद वगैरे काही वाढवली नाही. त्याने काय केलं, तर रात्री काय खायचं हा निर्णय उचलून सकाळी नेऊन ठेवला, जेव्हा पोट भरलेलं असतं आणि डोकं शांत असतं. सकाळी चहा होईपर्यंत रात्री भिजवलेलं कडधान्य, कांदा, गाजर, बटाटा, जे काही घरात आहे ते पातेल्यात, उकळी, आणि बंद. संध्याकाळी दार उघडलं की जेवण तयार. बाहेरून मागवण्यापेक्षा ते आधीच समोर असतं, एवढाच फरक. आणि ते साधंच असतं, पण भूक लागलेली असते, गरम असतं आणि निवडायला दुसरं काही नसतं, त्यामुळे इतकं छान लागतं की मला सुरुवातीला संशय यायचा, याच्यात असं काय घातलं आपण! काहीच नाही घातलेलं. मीठ तेवढं बरोबर.

"निवडायला दुसरं काही नसतं" हे लिहिताना जरा दरिद्री वाटतंय वाचायला, पण मला या सगळ्यातलं हेच सगळ्यात जास्त आवडलंय. चार पर्यायांतून एक निवडलं की उरलेल्या तिघांची रुखरुख जेवणात येते. इथे एकच आहे, ते आहे तसं आहे, आणि ते मीच सकाळी लावलंय. आमच्याकडे आधी रोज "आज काय?" या प्रश्नावरून थोडी धुसफूस व्हायची, आता नवरा आल्याआल्या झाकण उघडून बघतो आणि ताटं घेतो. बस.

आणि आवाज. कुकरच्या शिट्ट्या मोजत, एक कान स्वयंपाकघरात ठेवून दुसरं काम करायचं ही सवय इतकी मुरलेली होती की ती गेल्यावरच कळलं ती किती दमवत होती. याला बघावं लागत नाही. उतू जात नाही, करपत नाही, पाणी आटत नाही. सकाळी गॅस बंद करून बाहेर पडलं की डोक्यातून गेलं.

आता नियम, कारण हे भांडं भोळं दिसतं पण त्याला दोन-तीन गोष्टी लागतातच. पहिली म्हणजे भरलेलं हवं. उष्णता साठते ती आतल्या पाण्यात आणि अन्नात, भांड्याला स्वतःची अशी काही ऊब नाही. पातेलं निदान दोन तृतीयांश तरी भरलेलं पाहिजे, जितकं जास्त तितकं छान. तळाशी वाटीभर काहीतरी घालून ठेवलं तर ते काही तासांत कोमट होतं, आणि कोमट म्हणजे धोका, कारण साधारण ५ ते ६० डिग्रीच्या मधे जंतूंची चैन असते. मी खायच्या आधी एक स्वयंपाकघरातला थर्मामीटर टोचून बघते, ६० च्या वर असेल तर ताटात, खाली गेलं असेल आणि कधीपासून ते माहीत नसेल तर ते खायचं नाही. थर्मामीटर नसेल तर घ्या, या भांड्याबरोबर तो लागतोच असं माझं मत. मोठे मोठे तुकडे घातले तर वरचं पाणी उकळतं पण आतला गाभा थंडच राहतो, म्हणून तुकडे लहान करा किंवा गॅसवर जास्त वेळ द्या. आणि सारखं सारखं उघडून बघू नका, प्रत्येक वेळी ऊब बाहेर जाते.

दुसरी गोष्ट राजम्याची, आणि ही प्लीज गांभीर्याने घ्या. कच्च्या राजम्यात एक नैसर्गिक विषारी प्रथिन असतं, त्याने एक ते तीन तासांत जोरदार उलट्या होतात, चार-पाच कच्चे दाणेसुद्धा पुरतात. ते नीट उकळल्यावर नष्ट होतं, पण ८० डिग्रीच्या आसपास नुसतं ऊबेत ठेवलं तर नष्ट होत नाही, उलट कच्च्यापेक्षा जास्त त्रासदायक होऊ शकतं. आणि थर्मल कुकरमध्ये काही वेळाने तापमान नेमकं तिथेच येतं! म्हणून राजमा निदान पाच तास भिजवायचा, ते पाणी फेकायचं, नवीन पाण्यात गॅसवर पूर्ण अर्धा तास खळखळून उकळायचा आणि मगच आत ठेवायचा. इथे गॅस वाचवायला जाऊ नका.

तिसरं, आंबट नंतर. टोमॅटो, लिंबू, चिंच, काहीही आंबट सुरुवातीलाच घातलं तर कडधान्याचं साल कडक राहतं आणि मग तुम्ही म्हणाल भांडं खराब आहे. भिजवताना चिमूटभर मीठ घातलं तर मात्र मऊ व्हायला मदतच होते. सोडा घालायचा मोह होतो, लवकर शिजतंही त्याने, पण बी-१ जीवनसत्त्व जातं, त्यामुळे मी घालत नाही, वेळ तर फुकटच आहे इथे.

काय जमत नाही ते पण लिहिते. खरपूसपणा नाही. कांदा लालसर होणं, काठाला खमंग चव येणं याला १४० डिग्रीच्या पुढे जावं लागतं आणि पाणी असेपर्यंत ते शक्य नाही, त्यामुळे मी आधी त्याच पातेल्यात थोड्या तेलावर कांदा परतून घेते आणि मग पाणी घालते. पातेल्याचा तळ जाड असेल तरच हे सुखाने होतं, पातळ तळाला लागतं. रस्सा आटत नाही, पाणी जेवढं घातलं तेवढंच राहतं, म्हणून नेहमीपेक्षा कमी घालायचं. हिरव्या पालेभाज्या तासन्‌तास ठेवल्या की त्यांचा रंग मेंदीसारखा होतो, त्या शेवटी वरून घालाव्यात. तळण, भाजणं, पोळी-पाव यातलं काही अर्थातच नाही. आणि "अर्ध्या तासात पाहुणे येतायत" या प्रसंगी हे भांडं शून्य कामाचं आहे.

भात होतो, छान होतो, सुटा हवा असेल तर पाणी मोजून. ओट्स रात्री लावले तर सकाळी गरम नाश्ता तयार, आमच्याकडे हे आता ठरलेलंच आहे. दही तर फारच सुंदर लागतं, दूध उकळून ४३-४५ डिग्रीला आणायचं, विरजण लावायचं, बाहेरचं भांडं गरम पाण्याने विसळून घ्यायचं आणि बंद करायचं. थंडीच्या दिवसात दही न लागण्याची कटकट संपली.

निगा जवळजवळ नाहीच. आतलं पातेलं नेहमीसारखं घासायचं, बाहेरचं नुसतं ओल्या फडक्याने पुसायचं, पाण्यात बुडवायचं नाही. झाकणाचं रबर वास धरतं, ते काढून धुवून पूर्ण वाळवायचं. भांडं आपटू नका. गरम पदार्थ आत असताना बाहेरची भिंत हाताला गरम लागायला लागली की समजायचं दोन भिंतींमधली पोकळी गेली, म्हणजे तिथे हवा शिरली, आणि ते घरी दुरुस्त होत नाही. मी अधूनमधून हात लावून बघते, अजून तरी गार आहे. माझी एकच तक्रार आहे ती वरच्या झाकणाच्या खटक्याबद्दल, तो प्लास्टिकचा आहे आणि इतक्या चांगल्या भांड्याला तो असा कंजूषपणा का केला ते कळत नाही.

बाय द वे, ही काही नवी आयडिया नाही. गवत भरलेल्या लाकडी पेटीत उकळतं पातेलं ठेवून शिजवायची पद्धत युरोपात खूप जुनी आहे, १८६७ च्या पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात नॉर्वेकडून अशी पेटी मांडली होती, आणि दुसऱ्या महायुद्धात इंधनाची टंचाई होती तेव्हा ब्रिटनमध्ये सरकारच लोकांना हे करायला सांगत होतं. पोकळीचा थर्मास जेम्स ड्युअर या शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये बनवला, तोही अन्नासाठी नाही, प्रयोगशाळेत अतिथंड द्रव ठेवायला. त्याने पेटंट घेतलं नाही आणि पैसे दुसऱ्यांनीच कमावले, ते असो.

म्हणूनच माझा सल्ला असा की लगेच विकत घेऊ नका. घरातलं घट्ट झाकणाचं जाड पातेलं घ्या, भरपूर भरून उकळा, गॅस बंद करून टॉवेलात गुंडाळा आणि जुन्या रजया भरलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात खालीवर सगळीकडून दाबून बंद करा (शेगडी आणि पातेल्याचं बूड नीट बघून, पेटतं काही जवळ नको). आधी भात करून बघा, तो लवकर शिजतो. खोक्यातली ऊब पोकळीएवढी टिकत नाही, त्यामुळे सकाळी लावून रात्री खाणं त्यात जमणार नाही, पण ही पद्धत तुमच्या दिवसात बसते का हे कळेल. ज्यांना सकाळची वीस मिनिटं अजिबात मिळत नाहीत, किंवा ज्यांना रोज वेगळं, ऐनवेळी मनात येईल ते खायला आवडतं, त्यांना हे बसणार नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकतही नाही.

घ्यायचंच ठरलं तर साइज नीट बघा. सगळे मोठं घेतात आणि मग ते निम्मं भरून वापरतात, आणि निम्मं भरलेलं चालत नाही हे वर लिहिलंय. दोघांना लहानच घ्या, साधारण तीन लिटरच्या आतबाहेर, आणि विकणाऱ्याला आधीच विचारून घ्या की झाकणाचं रबर सुटं मिळतं का.