टीव्ही भिंतीवर, युनिटवर की कपाटात? खान्देशातल्या बैठकीचा विचार

बैठक नीटनेटकी दिसावी आणि टीव्हीही तिथेच असावा, असं असेल तर मार्ग तीन: भिंतीवर टांगणं, ठेंगण्या युनिटवर ठेवणं किंवा दारं लावलेल्या कपाटात झाकणं. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटचे फोटो पाहून ठरवू नका. आपल्याकडचा उन्हाळा, खिडकीतला कूलर आणि गावातल्या जुन्या घरांच्या भिंती यांनी सगळा हिशेब बदलतो.

दिसायला कपाट सगळ्यांत देखणं. सागवानी दारं लावली की टीव्ही आहे हे पाहुण्यांना कळतसुद्धा नाही. पण मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि बहुतेक टीव्हींच्या माहितीपुस्तिकेत वापराची मर्यादा ४० अंश दिलेली असते. भोवती साधारण १० सेंटीमीटर जागा मोकळी ठेवा, असंही त्यातच लिहिलेलं असतं. कपाटात टीव्हीची स्वतःची उष्णता कोंडते, म्हणजे आत बाहेरच्यापेक्षा जास्तच तापणार. कपाटच हवं असेल तर सुताराला सांगून पाठीचा प्लाय काढून टाका, वरून हवा जायला जाळी ठेवा आणि टीव्ही चालू असताना दारं उघडी राहू द्या. दारं बाहेर उघडणारी नकोत, सरकती करा.

भिंतीवर टांगण्याने जागा वाचते, लहान मुलांचे हात पोचत नाहीत, झाडलोट सोपी होते. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या नव्या कॉलन्यांमधल्या विटा-सिमेंटच्या भिंतीला हे छान चालतं. गावातल्या जुन्या घरातली दोन फुटी मातीची भिंत मात्र वेगळी. ड्रिल लावलं की भुगा ढासळत राहतो, गिट्टी (स्क्रू धरण्यासाठी भोकात ठोकतात ती) घट्ट बसत नाही आणि सगळं वजन त्या चार स्क्रूंवर येतं. अशा भिंतीवर टांगूच नका. टांगायचाच असेल तर जमिनीपासून उभी लाकडी चौकट उभारून तिच्यावर टांगा.

दुसरी अडचण उंचीची, आणि माझ्या मते तीच खरी. बसवणारा मिस्त्री सवयीने टीव्हीचा मध्य पाच फुटांवर धरतो. सोफ्यावर बसलेल्याची नजर साधारण साडेतीन फुटांवर असते. गादी-लोडाच्या बैठकीवर ती पावणेतीन फुटांवर येते. जेवणानंतर घरातली मोठी माणसं गादीवर टेकून बसणार आणि तासभर मान वर करून बघणार, हे मला अजिबात पटत नाही. खुणा करण्याआधी स्वतः गादीवर बसा आणि समोरच्या भिंतीवर नजरेच्या रेषेत खडूने आडवी रेघ ओढून घ्या. पडद्याचा मध्य त्या रेघेच्या आसपास यायला हवा.

म्हणून माझा कौल ठेंगण्या युनिटला. ४५ सेंटीमीटर उंचीच्या युनिटवर ४३ इंची टीव्ही स्टँडवर ठेवला की पडद्याचा मध्य ७८-८० सेंटीमीटरवर येतो. गादीवरून सरळ दिसतो आणि सोफ्यावरून नजर जराशी खाली जाते, तेही डोळ्यांना बरंच. टीव्हीची रुंदी सुमारे ९५ सेंटीमीटर, तेव्हा युनिट निदान पाच फुटी करा, म्हणजे टीव्ही त्यावर कोंबल्यासारखा वाटणार नाही. सेट-टॉप बॉक्स, राऊटर, स्पाइक गार्ड सगळं युनिटच्या पोटात जातं, वायरींसाठी मागे एक भोक पाडलं की पुरे. नड एकच, धूळ. उन्हाळ्यातल्या वावटळींनंतर रोज फडका मारावा लागतो.

कुठलाही मार्ग घ्या, कूलरच्या थेट झोतासमोर टीव्ही नको, कारण त्या हवेत ओल असते. पश्चिमेच्या खिडकीसमोरही नको. संध्याकाळचं ऊन पडद्यावर पडलं की चित्र दिसतच नाही.

आता रिमोट. टीव्हीचा, सेट-टॉप बॉक्सचा, साउंडबारचा, एसीचा असे चार रिमोट टेबलावर पसरले की सजावटीची शोभा जाते. साउंडबार एचडीएमआय एआरसीच्या जोडणीवर (टीव्हीचा आवाज साउंडबारकडे नेणारी एचडीएमआय वायर) असेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी, म्हणजे एकाच रिमोटने जोडलेली यंत्रं चालवण्याची सोय, चालू करा. सॅमसंगमध्ये ते एनीनेट प्लस, एलजीमध्ये सिंपलिंक आणि सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक या नावाने सापडतं. मग टीव्हीच्याच रिमोटने साउंडबारचा आवाज कमीजास्त होतो आणि एक रिमोट खणात जातो. सेट-टॉप बॉक्सचा रिमोट मात्र बहुधा इन्फ्रारेडचा असतो. त्याचे किरण काचेतून जातात, लाकडातून जात नाहीत. म्हणून बॉक्सपुढचं दार काचेचं करा, काळपट काच असली तरी चालते. लाकडीच हवं असेल तर रिमोटचा इशारा आतल्या बॉक्सपर्यंत पोचवणाऱ्या इन्फ्रारेड एक्स्टेंडरची बारीक वायर बाहेर काढावी लागते. रिमोट बिघडला की सेल संपले हे कळत नसेल तर तो मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. पुढचा बारीक दिवा स्क्रीनवर जांभळट चमकला तर रिमोट ठीक आहे, दोष दुसरीकडे शोधा.

उरलेल्या रिमोटांसाठी युनिटला एक उथळ खण करून घ्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत घर बंद करून जाणार असाल तर सेल काढून ठेवा. बरेच दिवस पडून राहिलेले सेल गळतात आणि आतल्या स्प्रिंगा गंजून जातात.