पडताळा सूची की वर्णनात्मक नोंद? तिसरी-चौथीच्या शिक्षकांसाठी

20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयातल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात तिसरी-चौथीला आकारिकचा (रोजच्या वर्गकामातून होणाऱ्या मूल्यमापनाचा) भार 60 टक्के आणि संकलितचा (सत्राच्या शेवटच्या चाचणीचा) 40. निम्म्याहून जास्त निकाल रोजच्या वर्गातून येतो, म्हणून त्याची नोंद कशी ठेवायची हे सत्र सुरू होतानाच ठरवावे.

पडताळा सूची भरायला सोपी. उभ्या ओळीत मुलांची नावे, आडव्या ओळीत आठ-दहा कौशल्ये. ‘संकल्पना समजली’ असे लिहू नका, ते डोळ्यांना दिसत नाही. ‘हातचा घेऊन दोन अंकी वजाबाकी करते’ हे दिसते. बरोबरच्या खुणेऐवजी तारीख टाका. मग कोणाला किती दिवस लागले तेही कळते. रिकाम्या चौकटी पाहून उद्याचा गट लगेच पाडता येतो.

पण मूल कुठे अडले, हे सूची सांगत नाही. 52 − 27 चे उत्तर दोन मुलांनी 35 लिहिले. एकाने लहान अंक मोठ्यातून वजा केला: 7 − 2 = 5. दुसरीने दशक सुटा करून 12 − 7 = 5 बरोबर केले, पण दशकाच्या घरातला एक कमी करायला विसरली. सूचीत दोघांची चौकट सारखीच रिकामी. पहिल्याला दहाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या हातात द्याव्या लागतील. दुसरीला दशक खोडून नवा अंक वर लिहायची सवय पुरेल. (चाचणीत 53 − 27 द्या. पहिल्याचे उत्तर 34 येईल, दुसरीचे 36. प्रश्न नीट निवडला तर अर्धे निदान तिथेच होते.)

वर्णनात्मक नोंद नेमकी इथे लागते: तारीख, काम, मुलाने काय केले किंवा काय म्हटले, पुढे काय करायचे. दोन ओळी पुरतात. 30 मुलांच्या वर्गात रोज 5 मुले घेतली, तर सोमवार ते शनिवार एक फेरी पूर्ण होते. सत्राच्या शेवटी एका बैठकीत वही भरली की मात्र ‘अभ्यासात रस घेतो’ हेच वाक्य तीस जणांपुढे उतरते. अशा नोंदीचा मुलाला काडीचा उपयोग नाही.

प्रगतिपत्रकातही हाच फरक पडतो. 61 आणि 70 टक्के, दोन्हींना श्रेणी ब-2. आईला त्यातून घरी काय करून घ्यायचे ते कळत नाही. ‘जोडाक्षरे अडखळत वाचतो, ऐकलेली गोष्ट मात्र क्रमाने सांगतो’ यातून कळते.

वर्गात 40 च्या आसपास मुले असतील, तर गणित आणि वाचनाला सूची सगळ्यांची ठेवा आणि नोंदी आधी रिकाम्या चौकटीवाल्यांच्या लिहा. पंधरा-वीसच मुले असतील तर उलट करा: नोंदी सगळ्यांच्या, सूची फक्त घटक संपताना. भाषेच्या तोंडी कामाला मात्र पट कितीही असो, नोंदच हवी. बोलण्यातला आत्मविश्वास एका तारखेत मावत नाही.