१९९१ च्या आधीचा बांध आणि सरकारी कागदांचा शोध: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेले आठ महिने रात्री जेवणं आटपली की मी लॅपटॉप उघडून सरकारी कागद शोधत बसते. कशासाठी ते आधी सांगते, म्हणजे कोणतं संकेतस्थळ कुठे उपयोगी पडलं ते नीट कळेल.

अलिबागच्या खारेपाटात, म्हणजे खाडीला बांध घालून शेती केलेल्या पट्ट्यात, आमची आणि भावकीची भातशेती आहे. बाहेरकाठ्याला, म्हणजे खाडीच्या बाजूच्या बाहेरच्या बांधाला, खांड पडली, ती वेळेत बुजवली गेली नाही, भरतीचं पाणी शेतात फिरायला लागलं आणि बघता बघता भाताच्या जागी तिवरं (खारफुटी) उभी राहिली. मी एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला, म्हणून कागद काढायचं काम सगळ्यांनी माझ्याकडे दिलं.

सुरुवात राजपत्रापासून केली. केंद्राच्या ई-गॅझेटवर विषयाने शोधण्यापेक्षा तारखेने शोधा. किनारपट्टी नियमनाच्या (सीआरझेड) मुख्य अधिसूचना तीन: १९ फेब्रुवारी १९९१, ६ जानेवारी २०११ आणि १८ जानेवारी २०१९. पीडीएफमध्ये आधी हिंदी मजकूर येतो, इंग्रजी त्याच्यानंतर. अर्ध्यावर बंद करू नका. २०१९ ची अधिसूचना मी छापून घेतली आणि पेन्सिल हातात धरून वाचली. व्हॉट्सअॅपवर आमच्याकडे जेवढे सारांश फिरले त्यांतल्या एकातही नसलेली तरतूद त्यात सापडली. १९ फेब्रुवारी १९९१ च्या आधी बांधलेला बांध किंवा उघाडी (बांधातलं पाणी सोडायचं दार) असेल, तर भरतीरेषा, म्हणजे भरतीचं पाणी जिथवर पोचतं असं धरतात ती हद्द, त्या बांधापर्यंतच धरायची. बांधाच्या आत खारं पाणी शिरून उगवलेलं कांदळवन, म्हणजे तिवरं, मात्र सीआरझेड-१ए या सगळ्यात संवेदनशील वर्गातच जातं आणि त्याचं संरक्षण कायम राहतं. म्हणजे तिवरं तोडायची मुभा यातून मिळत नाही, आणि आम्हाला ती मागायचीही नाही. त्याच तिवरांत आमच्या शेजारच्या कोळीवाड्याची चिंबोरी वाढते. पण ज्या शेतांत अजून भात होतो, ती तरी भरतीरेषेच्या आत ओढली जाऊ नयेत.

तेव्हा सगळं येऊन थांबलं बांधाच्या तारखेवर. गावात कुणालाही विचारा, बांध आजोबांच्या वेळचा. कागद दाखवा म्हटलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

राज्याच्या शासन निर्णयांचं संकेतस्थळ मी सगळ्यात जास्त वापरलं आणि माझ्या मते अभ्यासकाला तेच सगळ्यात जास्त देतं. फक्त सरकारचा शब्द माहीत हवा. आम्ही तिवरं म्हणतो, वर्तमानपत्रं खारफुटी लिहितात आणि शासन निर्णयात असतं कांदळवन. तसंच आमच्या तोंडी खारबंदिस्ती, कागदावर खारभूमी किंवा खारजमीन. पहिले दोन आठवडे मी आपल्या बोलीतले शब्द टाकत होते आणि हाताला काही लागत नव्हतं. एक शासन निर्णय मिळाला की त्याच्या डोक्यावरची ‘वाचा’ची यादी बघा. ज्या आधीच्या निर्णयांवर तो उभा आहे ते क्रमांक आणि तारखांसह तिथे दिलेले असतात. एकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर असं मागे जाता येतं. शेवटच्या परिच्छेदात १८ आकडी संकेतांक असतो, त्यातले पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. पीडीएफला नाव देताना मी तोच संकेतांक वापरते, त्यामुळे सगळे निर्णय आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात.

सातबाऱ्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण लोक फक्त नाव आणि क्षेत्र बघतात. फुकट दिसणारा उतारा पाहण्यापुरता. दाखल करायला डिजिटल स्वाक्षरीचा घ्या, पंधरा रुपयांत मिळतो. पण माझं खरं काम झालं ते नमुना बारावर, म्हणजे पिकांच्या नोंदीवर. ऑनलाइन उताऱ्यात फार मागचं दिसत नाही, म्हणून जुन्या हस्तलिखित उताऱ्यांच्या नकला अर्ज करून काढल्या. आमच्या एका गटाच्या रकान्यात वर्षामागून वर्ष तलाठ्याच्या अक्षरात भात, भात, भात, आणि मग एका वर्षापासून खाली नुसतं ‘पड’. पाणी नेमकं कधी शिरलं ते मला त्या दोन अक्षरांनी सांगितलं. गूगल अर्थवर त्याच सुमाराची जुनी उपग्रहचित्रं लावून बघितली, दोन्ही जुळली. त्या रात्री झोप लागली नाही.

बांधाच्या तारखेसाठी मात्र माहिती अधिकाराकडे जावं लागलं. राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवर दहा रुपये भरून अर्ज जातो. महाराष्ट्राच्या नियमांत एक विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे हकीकत लिहीत बसू नका, थेट कागदाचं नाव मागा. एका कार्यालयाकडून तिसाव्या दिवशी उत्तर आलं: ‘सदर माहिती अभिलेखात आढळून येत नाही.’ फार वाईट वाटलं. पण मग पश्चिम घाटाच्या पर्यावरणावरचा गाडगीळ समितीचा अहवाल आठवला. तो ऑगस्ट २०११ मध्ये सरकारकडे गेला आणि लोकांना वाचायला मिळाला तो मे २०१२ मध्ये. मधे माहिती अधिकाराचा अर्ज, केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश आणि दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल एवढं सगळं झालं. तो अहवाल ज्याने मागितला त्याने पहिल्या नकारावर सोडून दिलं नव्हतं.

वाट दाखवली ती आमच्या आळीतल्या काकांनी. माझा अर्ज वाचून म्हणाले, “अगं, जिल्हा रायगड लिहिलंयस. बांध झाला तेव्हा रायगड जिल्हा होता कुठे? कुलाबा लिही.” रायगड हे नाव आलं १९८१ मध्ये. सिंधुदुर्गही त्याच वर्षी १ मे ला रत्नागिरीतून वेगळा झाला, म्हणजे मालवण-वेंगुर्ल्याचे जुने कागद शोधणाऱ्यांनी रत्नागिरी टाकून बघावं.

दुसरा अर्ज केलाच नाही. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने जिल्हा पातळीच्या आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघता येतात. त्याची प्रत घेऊन गेले. लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा सुटला, वाळवी लागलेली वरची पानं हाताखाली चुरत होती. खालून सातवा-आठवा कागद उघाडीच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक, सन १९७८, वर ‘जिल्हा कुलाबा’, आणि त्यात आमच्या गावाचं नाव. दुरुस्ती १९७८ ला, म्हणजे उघाडी त्याच्या आधीची. काकांना तिथूनच फोन लावला.

बाकीचं थोडक्यात. इंडिया कोडवर केंद्राचे आणि राज्याचे कायदे मिळतात; खारजमिनींचा १९७९ चा राज्य कायदा वाचायलाच हवा. कांदळवनांवरचा मुंबई उच्च न्यायालयाचा १७ सप्टेंबर २०१८ चा निकाल पूर्ण वाचा, बातमीवर थांबू नका. कुलाब्याचं १८८३ चं इंग्रजी गॅझेटियर इंटरनेट आर्काइव्हवर मोफत आहे आणि त्यात शिलोत्री पद्धतीची, म्हणजे खाडीला बांध घालून काढलेल्या जमिनींच्या जुन्या पद्धतीची, माहिती आहे. दाव्याला त्याचा थेट उपयोग नाही, पण खाडी बांधून जमीन करणारी आपली माणसं किती जुनी आहेत ते त्यात वाचलं आणि ती पानं मी आजीला मराठीत करून वाचून दाखवली.

एक अडचण सगळीकडे आली: जुन्या कागदांच्या पीडीएफ म्हणजे नुसते फोटो, किंवा जुन्या फॉन्टमधला मजकूर, जो कॉपी केला की भलतीच अक्षरं उमटतात. त्यावर मी एक वही घातली आहे. कागदाचं नाव, जावक क्रमांक, तारीख, कुठल्या पानावर काय, सगळं हाताने लिहिते. पुन्हा शोधताना ती वहीच कामाला येते.

अंदाजपत्रकाच्या शेवटी ‘सोबत: नकाशा’ असं लिहिलंय, पण नकाशा त्या गठ्ठ्यात नव्हता. शेजारच्या कपाटात नकाशांची वेगळी गुंडाळी असते असं तिथल्या शिपाईकाकांनी सांगितलं. येत्या सोमवारी तीनच्या आधी पोचायचंय.