गाडी विकून दहा महिने: हिशेब जमला, गेटसमोरची जागा गेली

इंदूरमध्ये राहून गाडी विकल्याचा मला पश्चात्ताप नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण आमच्या गेटसमोरच्या जागेचं पुढे काय होणार हे कुणी तेव्हा सांगितलं असतं, तर मी आणखी एक रात्र विचार केला असता.

गाडी अकरा वर्षांची होती. २०२५ च्या एप्रिलमध्ये क्लच गेला. सर्व्हिस सेंटरचं नाव घेत नाही, त्यांचे 'फीडबॅक' मागणारे फोन आत्ता कुठे बंद झालेत. आधी १४,००० सांगितले, गाडी उघडल्यावर २३,५०० झाले. तिथल्या एसी केबिनमध्ये फुकटचा चहा पिता पिता मी एस्टिमेटच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला. पेट्रोल १०६ च्या वर, महिन्याचे साडेपाच हजार. वर्षाचा विमा ९,८००. आणि जाणं कुठे? घरून म्हणजे राजेंद्रनगरातून रीगल चौक, रीगलहून राजेंद्रनगर, आणि महिन्यातून एकदा विजयनगरला ताईकडे. क्लच टाकून घेतला आणि तीन आठवड्यांनी गाडी १,३५,००० ला विकली. नवा क्लच घालून गाडी दुसऱ्याला दिली, यावरून बायको अजून ऐकवते. तिचं बरोबर आहे.

दुचाकी का नाही, असं विचाराल. घरात अ‍ॅक्टिव्हा आहे, पण ती तिची. शिवाय मणक्याच्या डॉक्टरांनी मला दुचाकीवर बसायलाच मनाई केली आहे.

सगळ्यात मोठा आनंद दिला तो रेल्वेनं. बावीस वर्षं राजेंद्रनगरात राहतो, स्टेशन घरापासून चालत दहा मिनिटांवर, आणि महूहून इंदूरला जाणारी गाडी इथं थांबते हे मला फक्त भोंग्यामुळे माहीत होतं. तिकीट १० रुपये. पुढे लोकमान्यनगर, सैफीनगर, मग इंदूर. सिग्नलला अडकली नाही तर वीसेक मिनिटं. स्टेशनवर उतरून रीगलपर्यंत पाय मोकळे होतात. मोबाइलवर तिकीट काढणार असाल तर घरूनच काढा. रुळाच्या अगदी जवळ गेलात की अ‍ॅप नकार देतं. पहिल्या दिवशी मी फोन हातात धरून स्टेशनकडे पाठ करून उलटा चालत सुटलो होतो, आणि तेवढ्यात गाडी आली. गाड्या मोजक्याच आहेत आणि संध्याकाळची माझ्या वेळेला जुळत नाही, म्हणून पास काढलेला नाही. पास स्वस्त पडतो हे मान्य, पण न वापरलेला अर्धा पास मला रात्री झोपू देणार नाही.

संध्याकाळी मग बस, मॅजिक (शेअरची छोटी व्हॅन), नाहीतर ई-रिक्षा, जे आधी येईल ते. ई-रिक्षाचा एकच नियम, सवारी भरल्याशिवाय ती हलत नाही. मी चौथा बसलो की पाचव्यासाठी थांबते, पाचवा आला की त्याला सुटे हवे असतात. त्यापेक्षा सिटी बस बरी. आपल्याकडच्या काही बसेस देवगुराडियाच्या प्लांटमधल्या बायो-सीएनजीवर धावतात. २०२२ मध्ये सुरू झालेला, तेव्हा रोज ५५० टन ओला कचरा पचवण्याच्या क्षमतेचा तो प्लांट. म्हणजे आमच्या घरचा शिळा भात आम्ही वेगळा काढून द्यायचा, कचऱ्याचे पैसे भरायचे, आणि त्याच भातावर चालणाऱ्या बसमध्ये तिकीट काढून बसायचं. तक्रार नाही, फक्त नोंद आहे.

आता बीआरटीएस, म्हणजे रस्त्याच्या मधोमध रेलिंग घालून फक्त बससाठी राखलेला मार्ग. इथं मला माझेच शब्द गिळावे लागतात. २०१३ मध्ये सुरू झालेल्या त्या साडेअकरा किलोमीटरना मी गाडी होती तोवर शिव्या घातल्या. मधली लेन रिकामी, आणि आम्ही दोन्ही बाजूंना कोंडलेले. २७ फेब्रुवारी २०२५ ला हायकोर्टाचा तो काढण्याबद्दलचा निकाल आला, तेव्हा मी ऑफिसात सगळ्यांना कचोरी खाऊ घातली होती. एप्रिलमध्ये क्लच गेला. मे महिन्यात राजीव गांधी चौकातून आयबसनं, म्हणजे त्याच मार्गावरच्या बसनं, ताईकडे निघालो, आणि लक्षात आलं की मी माझाच रस्ता उखडल्याची कचोरी वाटली. रेलिंग होतं तिथं बस सरळ जायची, नाहीसं झालं तिथं कार, ऑटो आणि उलट्या दिशेनं येणारा एक दूधवाला, सगळे तिच्यापुढे. पुढे ते तोडकाम महिनोन्‌महिने रेंगाळलं, अर्धं असलेलं आणि अर्धं नसलेलं. जिजाजी म्हणाले, "आता कळलं ना?" ते अजून गाडी चालवतात, आणि त्यांच्या मते रस्ता आता मोकळा झाला. दोघंही खरं बोलतोय, त्यामुळे विषय बदलला.

मेट्रोबद्दल लोक विचारतात. ३१ मे २०२५ ला सुरू झाली, पहिला आठवडा फुकट होती, म्हणून आम्ही आईला घेऊन गेलो. तेव्हा पाच स्टेशनं होती, सहाएक किलोमीटर, सगळं शहराच्या कडेला, सुपर कॉरिडॉरकडे. चकाचक आहे, स्टेशनांना राण्यांची नावं आहेत, देवी अहिल्याबाईंचं नाव ऐकून आईनं हात जोडले. फुकट मेट्रोत बसायला तिच्या गांधीनगर स्टेशनपर्यंत जाऊन येण्याचं ऑटोभाडं ५२० रुपये झालं. आतल्या शहरात येईल तेव्हा पुन्हा लिहीन.

रात्रीचा भाग मात्र वाईट आहे. 'सानंद' या इथल्या मराठी संस्थेचं नाटक खंडवा रोडच्या विद्यापीठ सभागृहात संपतं तेव्हा साडेदहा होतात आणि साताठशे लोक एकदम बाहेर पडतात. अ‍ॅपवर ९६ दाखवणारं भाडं आम्ही पायऱ्या उतरेपर्यंत १८८ होतं. मग फोन: "कहाँ जाना है भिया? राजेंद्रनगर? उधर से खाली आना पड़ेगा." की कॅन्सल. दोनदा असं झाल्यावर आता आधीच गाडीवाल्या ओळखीच्यांची सीट धरून ठेवतो. त्यांना पेट्रोलचे पैसे विचारले तर रागावतात, म्हणून मध्यंतरातला चहा आमच्याकडे. हा चहाही मी डायरीत लिहितो.

डायरीच सांगते. दहा महिन्यांची सरासरी महिन्याला २,८४०. यात ओंकारेश्वरला केलेली टॅक्सी धरली आहे, चहाही धरला आहे. गाडी उभी असतानासुद्धा यापेक्षा जास्त खात होती.

आणि आता जागा. गेटसमोर सावली आहे, कडुनिंबाची. अकरा वर्षं तिथं आमची गाडी होती, त्यामुळे ती जागा आमची आहे असं आम्हालाच नाही, सगळ्या गल्लीला वाटायचं. गाडी गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकांची नवी, बसइतकी उंच गाडी तिथं. मी काही बोललो नाही. आठवड्यानं त्यांच्या मुलाचीही आली, अर्ध्या गेटवर. बोललो तर काका अगदी प्रेमानं म्हणाले, "अहो, आता तुमच्याकडे गाडी कुठे आहे? रिकामी पडून राहिली होती जागा." यावर उत्तर काय द्यायचं? रस्ता नगरनिगमचा, झाड कुणाचंच नाही. कुंड्या ठेवल्या, तर त्यांनी हळूच बाजूला सरकवून पाणीही घातलं. ऑटोवाला आईला घ्यायला येतो तेव्हा त्याला पुढच्या घरासमोर थांबावं लागतं आणि आई तिथवर काठी टेकत जाते. मला बसची वाट पाहताना राग येत नाही, ई-रिक्षात येत नाही, पण चालत घराजवळ आलो आणि काकांची ती पांढरी गाडी दिसली की येतो. बायको म्हणते, एवढं असेल तर गाडी घ्या परत. एक रात्र जुन्या गाड्यांचे भावही पाहिले, खोटं कशाला बोलू. जागा धरायला तीन लाख.

गेल्या रविवारी मागच्या शेडमधून वडिलांची लूना बाहेर काढली. टायर गेलेले, टाकी गंजलेली. पहाटे पाचला काकांची गाडी मॉर्निंग वॉकसाठी बाहेर पडते, तेवढ्या वेळात ती बरोबर मधोमध उभी केली. स्टँड ढिला होता म्हणून कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं किक मारून पाहिली, हसला, म्हणाला, "चलेगी तो नहीं भिया, पर खड़ी मस्त रहेगी."

स्टँडचे १५० रुपये डायरीत वाहतूक खर्चात लिहिले आहेत.