डुसेलडॉर्फ ते कोल्हापूर: विमानाच्या उशिराची भरपाई मागितली, त्याचा अनुभव

सुरुवातीलाच निकाल सांगून टाकतो: पैसे मिळाले. माझे 600 आणि बायकोचे 600, असे 1,200 युरो. वकील केला नाही, एजन्सीला टक्केवारी दिली नाही. काही महिने गेले आणि चिकाटी मात्र भरपूर लागली. ज्यांची पोरं जर्मनी, नेदरलँड्सकडं शिकायला किंवा नोकरीला आहेत आणि वर्षाकाठी एखादी फेरी होते, अशी घरं आता कोल्हापुरात गल्लोगल्ली आहेत. त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितोय.

प्रकरण असं. लेकीला भेटून डुसेलडॉर्फहून परतत होतो. आखाती कंपनीचं विमान, आखातात बदलून मुंबई, सगळं एकाच बुकिंगवर. पहिलंच विमान धावपट्टीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आलं. हायड्रॉलिक पंपाचा बिघाड आहे, असं वैमानिकानं स्पीकरवर सांगितलं. आखातातलं जोडविमान अर्थातच सुटलं आणि मुंबईला ठरल्या वेळेपेक्षा सात-आठ तास उशिरा टेकलो. मुंबई-कोल्हापूरचं तिकीट वेगळं काढलेलं होतं, ते बुडालं. शेवटी महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात बॅगांवर बसून घर गाठलं.

शिरोलीत कारखान्यावर हे सांगितलं, तेव्हा भागीदार म्हणाला, "विमान लेट झालं म्हणून पैसे कोण देतंय व्हय? एसटी लेट झाली तर मागतोस काय?" त्याचं बोलणं अगदीच चूक नव्हतं. हेच विमान उलट दिशेनं, म्हणजे मुंबईहून जर्मनीला जाताना लेट झालं असतं, तर या नियमाखाली एक युरोही मिळाला नसता. ही गोष्ट बहुतेकांना माहीत नसते, आणि सगळी मेख तिथंच आहे.

युरोपीय संघाचा 261/2004 क्रमांकाचा नियम आहे. युरोपीय संघातल्या विमानतळावरून सुटणारं कुठल्याही कंपनीचं विमान त्यात येतं, मग ती कंपनी आखाती असो की भारतीय. बाहेरून युरोपात जाणारं विमान मात्र कंपनी युरोपीय असेल तरच येतं. त्यामुळे आखाती कंपनीनं गेलात आणि आलात, तर परतीचा प्रवास नियमात बसतो आणि जातानाचा नाही. भरपाई अंतरावर ठरते: 1,500 किलोमीटरपर्यंत 250 युरो, त्यापुढं 3,500 पर्यंत 400, आणि त्याच्याही पुढं 600. तिकीट किती रुपयांचं होतं याचा काही संबंध नाही, आणि रक्कम दर माणशी आहे. मूळ नियमात रोख भरपाई विमान रद्द झालं किंवा चढू दिलं नाही तर होती. तीन तास किंवा जास्त उशीर झाला तरी ती द्यावी लागते, हे युरोपीय न्यायालयानं 2009 च्या स्टर्जन निकालात सांगितलं. विमान युरोपाबाहेर बदललं तरी बुकिंग एकच असेल तर पूर्ण प्रवास एकच धरतात, हा 2018 चा निकाल. आम्हाला नेमका तोच उपयोगी पडला, कारण कंपनीचं एक म्हणणं होतं की जर्मनीतून निघालेलं विमान फार उशिरा नव्हतं, खरा वेळ गेला तो आखातात. एकच बुकिंग होतं म्हणून वाचलो. पाचशे-हजार वाचवायला दोन वेगळी तिकिटं जोडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. आमचंच मुंबई-कोल्हापूर तिकीट वेगळं असल्यामुळे त्याचा छदामही आला नाही.

कागदपत्रांचं श्रेय बायकोचं. ती शाळेत शिक्षिका आहे, वेळा लिहायची सवय. बोर्डिंग पासच्या पाठीवर तिनं बारीक अक्षरात सगळं टिपलं होतं: विमानात बसलो किती वाजता, मागं फिरलो किती वाजता, वैमानिक पंपाबद्दल काय बोलला, जेवणाचं कूपन कधी मिळालं. त्याचा फोटो दाव्याला जोडला. फ्लाइट-रडारसारख्या साइटवर विमानाची नोंद फुकटात थोडेच दिवस दिसते, म्हणून तिचे स्क्रीनशॉट घरी पोचल्या पोचल्या काढले. काउंटरवर उशिराचं कारण लेखी मागितलं, ते दिलं नाही. पण मागणी ईमेलवरही केली होती, त्यामुळे मागितल्याचा पुरावा राहिला.

आता कंपनीच्या स्वतःच्या फॉर्मबद्दल. पाचपैकी दोन गुण, तेही फॉर्म सापडतो म्हणून. पहिलं उत्तर आलं "ऑपरेशनल कारणं", याचा अर्थ काहीच नाही. दुसरं उत्तर "असाधारण परिस्थिती". हा शब्द नियमात आहेच: वादळ, हवाई नियंत्रणाचे निर्बंध, विमानतळ बंद पडणं अशा वेळी भरपाई द्यावी लागत नाही. पण नेहमीच्या वापरात होणारा यांत्रिक बिघाड सहसा त्यात बसत नाही, असं 2008 च्या वॉलेंटिन-हर्मन निकालात आहे. मी दोन ओळींत निकालाचं नाव टाकलं आणि वैमानिकाचं वाक्य उद्धृत केलं. मग सूर बदलला. दिलगिरी आली, आणि सोबत व्हाउचर: एका वर्षात वापरायचं, त्याच कंपनीवर. घेतलं नाही. भरपाई रोख किंवा बँकेतून द्यायची असते. व्हाउचर चालतं ते प्रवाशानं सही करून मान्य केलं तरच. त्यानंतर मात्र कंपनी एकदम गप्प.

खरं काम झालं ते पुढच्या पायरीवर. जर्मनीत प्रवाशांसाठी स्वतंत्र तडजोड मंडळ आहे, पूर्वी ते झ्योप नावानं ओळखलं जायचं. कंपनी त्याची सदस्य असेल तर प्रवाशाला एक पैसा खर्च नाही. सदस्य नसेल तर बॉनच्या संघीय न्याय कार्यालयात तशीच सोय आहे. अट एवढीच की आधी कंपनीकडं दावा करायचा आणि दोन महिने वाट बघायची, किंवा नकार हातात हवा. इंग्रजीत अर्ज करता येतो, सगळं ऑनलाइन. मंडळाची शिफारस कंपनीवर बंधनकारक नाही, तरी आमच्या बाबतीत कंपनीनं ती निमूट मानली. सोपं, सभ्य आणि फुकट. पाचपैकी पाच.

गंमत पुढं झाली. पैसे मंजूर झाले आणि फॉर्म म्हणतो, आयबॅन नंबर भरा, म्हणजे युरोपात चालतो तो आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक. भारतात आयबॅन नसतोच. फॉर्म रकाना रिकामा सोडू देत नाही, खाते क्रमांक टाकला तर लाल होतो. शेवटी ईमेलवर पत्र लिहून कळवलं की भारतातल्या खात्यासाठी स्विफ्ट कोड (परदेशातून पैसे येण्यासाठी बँकेचा ओळख क्रमांक) आणि खाते क्रमांक घ्या. माझं रोजचं खातं गल्लीतल्या सहकारी बँकेत, तिथं स्विफ्ट म्हटल्यावर मॅनेजर मारुतीच्या गाडीबद्दल बोलायला लागले. मग राष्ट्रीयीकृत बँकेतलं जुनं पेन्शनचं खातं, आईबरोबरचं जॉइंट, तेच दिलं. पैसे आल्यावर शाखेतून फोन: कशाचे पैसे, निर्यातीचे का? मग उद्देशाचा फॉर्म भरा, कंपनीचं पत्र द्या, तुमचं नाव पासबुकात इंग्रजीत असं कसं लिहिलंय ते सांगा. वाटेतल्या बँकेनं काही युरो खाल्ले, रुपयांत बदलताना इथल्या बँकेनं शुल्क आणि त्यावर जीएसटी घेतला. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तरी माणशी साठ हजारांच्या घरात जाणारी रक्कम, म्हणून तक्रार नाही. पण अर्ज करायच्या आधीच स्विफ्ट असलेलं खातं ठरवून ठेवा, हे कुणीच सांगत नाही.

टक्केवारी घेणाऱ्या एजन्सी मी मुद्दाम टाळल्या. इचलकरंजीच्या एका मित्रानं अशीच केस एजन्सीला दिली, त्याचा एक-तृतीयांशाच्या आसपास हिस्सा गेला. एजन्सीच्या कागदावर सही केली की दावा त्यांचा होतो, मधे कंपनीनं थेट पैसे देऊ केले तरी तुम्हाला परस्पर बोलता येत नाही. कंपनी ठाम नकार देते आणि तिकडच्या कोर्टातच जावं लागेल असं दिसतं, तेव्हा त्यांचा उपयोग आहे. पहिल्या दिवशी नाही.

आता देशातल्या विमानांबद्दल, कारण लोक विचारतात ते हेच. मुंबई-कोल्हापूर विमान पावसाळ्यात उशिरा येणं नवं नाही. उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर, 2024 मध्ये नवी टर्मिनल इमारत झाली, त्यामुळे हा उशीर आता ऐसपैस बसून सोसता येतो. पैशाच्या बाबतीत मात्र निराशाच आहे. डीजीसीएच्या, म्हणजे आपल्याकडच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नियमात नुसत्या उशिराला रोख भरपाई नाही. आपल्यासारख्या छोट्या अंतराच्या विमानाला दोन तास उशीर झाला की खाणंपिणं द्यावं लागतं. मागच्या पावसाळ्यात माझ्या वाट्याला एक गार समोसा आणि फ्रूटीचा डबा आला. सहा तासांच्या वर उशीर असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा. रात्री 8 ते पहाटे 3 मधलं विमान सहा तासांहून जास्त रखडलं, किंवा कुठलंही विमान 24 तासांहून जास्त, तर हॉटेल. रोख पैसे येतात ते विमान वेळेत न कळवता रद्द केलं तर, आणि तेही तासाभराच्या प्रवासाला 5,000 रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते. कोल्हापूरच्या स्वस्त भाड्याला आकडा किती उरतो ते तुम्हीच काढा. हवामानाचं कारण निघालं की तेही नाही. बुकिंगला एजंटाचा मोबाइल नंबर दिला असेल तर कंपनी "आम्ही कळवलं होतं" म्हणून मोकळी, म्हणून नंबर स्वतःचाच द्या.

तरी लग्न, मुलाखत, ऑपरेशन असं काही खरोखर बुडालं असेल, तर ग्राहक आयोगाचा रस्ता खुला आहे. 2019 च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे कंपनीचं ऑफिस दिल्लीत असलं तरी कोल्हापुरात. तिकिटाला मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. तिथं जायच्या आधी सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून ठेवावी, निदान तक्रारीचा क्रमांक मिळतो. परतावा अडकला असेल तर एवढ्यानंही काम होऊन जातं. माझं एकदा झालंय.

युरोपचा नियम बदलायच्या हालचाली आहेत. जून 2025 मध्ये सदस्य देशांच्या मंत्र्यांनी लांबच्या विमानांना तीनऐवजी सहा तासांची मर्यादा आणि 600 ऐवजी 500 युरो असा प्रस्ताव पुढं केला, युरोपीय संसदेचा त्याला विरोध आहे. म्हणून दावा करताना त्या वेळचा नियम बघून घ्या.

सध्या मेव्हण्याचा अर्ज हातात आहे. तोही युरोपातून येत होता. कंपनी म्हणते, विमान 2 तास 52 मिनिटं उशिरा उतरलं, त्यामुळे भरपाई नाही. पण चाकं टेकल्याची वेळ धरत नाहीत, दार उघडल्याची धरतात, असा 2014 चा निकाल आहे. आणि मुंबईत शिडी यायला वेळ लागला. दार उघडल्यावर त्यानं विमानातूनच घरी फोटो पाठवला होता, त्यावरची वेळ तीन तासांच्या पुढची आहे. चार तासांच्या आत असल्यामुळे कंपनी निम्मी रक्कम कापू शकते, म्हणजे 300 युरो. अर्ज परवाच पाठवला, आणि या वेळी स्विफ्ट कोड पहिल्या ईमेलमध्येच टाकलाय.